सदनिकेचा भविष्यकाळ

‘अपकमिंग एरिया’ हा शब्दप्रयोग मराठी घरांत रुळून बराच काळ लोटला असला, तरी त्याला मराठी प्रतिशब्द अद्याप मिळालेला नाही, आणि याचे कारण भाषेचे दारिद्र्य हे नसून त्या भागाची अवस्था हे आहे. ‘विकसनशील’ म्हणावे तर नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील तिसऱ्या जगाचा धडा आठवतो, ‘उदयोन्मुख’ म्हणावे तर पहिला संग्रह काखेत घेतलेला कवी डोळ्यांसमोर येतो, आणि ‘गावाबाहेर’ असे सरळ म्हणून टाकावे तर घर विकले जात नाही. तरीही अभ्यासाच्या सोयीसाठी व्याख्या करायचीच झाली तर ती अशी करता येईल : जिथे शाळा, रुग्णालय, मॉल, मेट्रो आणि शंभर फुटी रस्ता हे सर्व नकाशावर हजर असून दुधाची पिशवी मात्र दीड किलोमीटरवर मिळते, आणि जिथे यायला रिक्षावाला नकार देतो पण कर्ज द्यायला बँक नकार देत नाही, तो भाग अपकमिंग होय.

अशा भागातील लहान घर, म्हणजे एका शयनगृहाचे किंवा ओढूनताणून दोन शयनगृहांचे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. घर पाहावे बांधून, ही म्हण ज्यांच्या अनुभवातून निघाली त्यांना निदान पाहण्याची सोय होती. आता घर कोणी बांधून पाहत नाही, घेऊन पाहतात, आणि घेतेवेळी ते बहुधा पाहायला नसतेच. व्यवहार होतो तो नकाशाचा, वचनाचा आणि क्रियापदांचा. मराठी व्याकरणात भविष्यकाळाचे साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे चार प्रकार शिकवले जातात, आणि ‘करीन’ हे एक रूप माहीत असले की जन्म निघत असताना उरलेले तीन कशासाठी, असा प्रश्न शाळकरी मुलांना पडतो. दादोबा पांडुरंगांपासून मोरो केशव दामल्यांपर्यंतच्या व्याकरणकारांनी ही शंका मनावर घेतलेली दिसत नाही. अपकमिंग भागात सदनिका घेणाऱ्या गृहस्थाला मात्र हे चारही प्रकार क्रमाक्रमाने आणि हप्त्याहप्त्याने उमगतात.

इतिहासाच्या बाजूने पाहता, प्रत्येक वस्ती कधी ना कधी अपकमिंगच होती. सदाशिवराव भाऊंच्या नावाने ओळखली जाणारी सदाशिव पेठ ही पेशवाईत नवी वसाहत होती, आणि कसब्यातील एखाद्या जुन्या घरात तिच्याविषयी बोलताना नाक मुरडले गेलेच नसेल असे मानणे हे पुण्याच्या स्वभावाशी विसंगत ठरेल. फरक एवढाच की, पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पाणी आणून शहरातल्या हौदांत सोडले, आणि त्यासाठी एकही माहितीपत्रक छापले नाही. पुढे 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या, शहर चहूबाजूंना पांगले, आणि त्यानंतरच्या काही दशकांत कोथरूड नावाचे गाव हळूहळू शहर झाले. या स्थित्यंतराचा एक अवशेष पुण्याच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत आजही सापडतो, आणि तो म्हणजे काका. या काकांना कोथरूडला अगदी किरकोळ पैशांत प्लॉट मिळत होता, परंतु ‘एवढ्या लांब कोण जाणार?’ असे म्हणून त्यांनी तो सोडला. अशा सर्व काकांना मिळू पाहणाऱ्या प्लॉटांची बेरीज केल्यास कोथरूडचे क्षेत्रफळ पुणे जिल्ह्याच्या पुढे जाईल. तथापि आकडा खोटा असला तरी हळहळ खरी असते, आणि पुतण्या जेव्हा शहराबाहेर पंधरा किलोमीटरवर सदनिका पाहायला निघतो, तेव्हा त्याच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर, देहाने नसले तरी तत्त्वाने, हे काकाच बसलेले असतात.

उदाहरणादाखल पुण्याच्या पूर्वेचे, नगर रस्त्यावरचे वाघोली घेता येईल. येथे वाघेश्वराचे देऊळ आहे, मराठेशाहीतील सरदार पिलाजी जाधवराव यांची समाधी आहे, आणि ज्या दगडातून अर्धे पुणे उभे राहिले असे अभिमानाने सांगितले जाते त्या दगडाच्या खाणी आहेत. शेजारच्या खराडीत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, खराडीतील घरांचे भाव त्या कंपन्यांत काम करणाऱ्यांच्याच आवाक्याबाहेर गेले, आणि ती मंडळी रस्त्याने पुढे सरकत वाघोलीत येऊन थांबली. 30 जून 2021 रोजी पुणे महापालिकेत जी 23 गावे समाविष्ट झाली त्यांत वाघोली होती. तोपर्यंत उद्वाहन, जलतरण तलाव आणि छोटेखानी चित्रपटगृह असलेल्या संकुलांतले रहिवासी सरपंच निवडून देत होते, हे लोकशाहीच्या अभ्यासकांनी अजून पुरेशा गांभीर्याने घेतलेले नाही.

गाव शहरात यायच्या आधी त्याचे नाव शहरात यावे लागते. या प्रक्रियेला नामविस्तार म्हणावे. तिचा नियम असा की, ज्या भागाचा भाव चढा आहे त्याच्या नावामागे किंवा पुढे एक इंग्रजी शब्द जोडून ते नाव शेजारच्या गावावर पांघरायचे. वाघोलीच्या काही भागाला अशा रीतीने ‘अपर खराडी’ म्हणतात. यातला ‘अपर’ समुद्रसपाटीपासून मोजायचा की दरपत्रकावरून, याचा उलगडा होत नाही, पण वाघोलीचा दर खराडीपेक्षा कमी म्हणूनच ग्राहक तेथे जातो हे लक्षात घेता दरपत्रकाची शक्यता बाद करावी लागते. शहराच्या दक्षिणेला उंड्री आणि महंमदवाडीच्या बाजूला हाच प्रयोग अधिक विद्वत्तापूर्ण झालेला आहे. कोंढव्यात बँक व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी, रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने 1969 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तेथला रस्ता ‘एनआयबीएम’ झाला, रस्त्यावरून परिसर झाला, आणि परिसर विकून संपल्यावर पुढच्या माळाला ‘एनआयबीएम ॲनेक्स’ हे नाव मिळाले. वीस वर्षांचे कर्ज काढून राहायला आलेली हजारो कुटुंबे बँक व्यवस्थापन संस्थेच्या पुरवणीत राहतात, असा याचा अर्थ होतो, आणि एवढी नेमकी स्थलनामे महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच आढळतील.

संकुलांच्या नावांबाबत विस्तार करण्याचे कारण नाही. ती बहुतेक इटलीतून वा स्पेनमधून येतात. पत्रिका छापणारा ती एका प्रकारे लिहितो, रखवालदार दुसऱ्या प्रकारे उच्चारतो आणि वास्तुशांतीचे गुरुजी संकल्पात सरळ ‘वाघोलीग्रामे’ म्हणून मोकळे होतात. पावसाळ्यात जुन्या दगडखाणीत पाणी साठले की तिच्या बाजूच्या खिडक्यांना ‘लेक व्ह्यू’ म्हणतात व त्यांचा दर प्रति चौरस फूट थोडा जास्त लावतात. उन्हाळ्यात तळे आटले म्हणून दर उतरल्याचे उदाहरण आढळत नाही.

आता मापाकडे वळणे आवश्यक आहे, कारण लहान घराचे लहानपण नेमके किती, हा या विषयाचा गाभा आहे. घराखालची जमीन गुंठ्यांत मोजतात; गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, अर्थात 1,089 चौरस फूट, आणि अशा चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो. शेतकऱ्याने गुंठ्यांत विकलेली जमीन ग्राहकाला चौरस फुटांत मिळते, आणि करारनाम्यात तिचे चौरस मीटर झालेले असतात, त्यामुळे जिभेवर साडेसहाशे असलेले घर कागदावर साठ होते आणि ते ऐकून सासरेबुवांचा चेहरा पडतो. याहून मोठी गंमत ‘सेलेबल’ क्षेत्राची होती. सदनिकेच्या प्रत्यक्ष क्षेत्रावर जिना, उद्वाहन, प्रवेशकक्ष आणि रखवालदाराची खोली यांतला वाटा चढवून जो आकडा येई त्यास विक्रीयोग्य क्षेत्र म्हणत, आणि या चढवण्याला ‘लोडिंग’ म्हणत. 465 चौरस फुटांवर 40 टक्के लोडिंग चढवले की 651 होतात. वरचे 186 फूट ग्राहकाच्या पैशाचे असत, पण जिन्यातील नेमकी कोणती पायरी आपली आणि तिच्यावर कुंडी ठेवता येईल काय, याचे उत्तर त्यास कोणी देत नसे.

स्थावर संपदा अधिनियम, 2016 ने, ज्याला सर्वत्र ‘रेरा’ म्हणतात, हे लोडिंग उतरवले आणि चटईक्षेत्र सांगूनच विक्री करणे बंधनकारक केले. ‘कार्पेट’ला ‘चटई’ हा प्रतिशब्द ज्या कोणा भाषांतरकाराने योजला तो भाषाशुद्धीपेक्षा सत्याच्या अधिक जवळ गेला, कारण या खोल्यांत गालिचा मावत नाही, चटईच मावते. कायद्यातली व्याख्या मात्र मनन करण्याजोगी आहे : बाहेरच्या भिंती, नळांसाठी सोडलेले उभे पोकळ खण, बाल्कनी आणि उघडी गच्ची यांना चटईक्षेत्रातून वगळले आहे, परंतु आतल्या पार्टिशनच्या भिंतींखालची जागा त्यात धरली आहे. म्हणजे ज्या जागेवर वीट उभी असल्याने चटई अंथरणे भौतिक दृष्ट्या अशक्य आहे, तिथे ती कायद्याने अंथरलेली आहे, आणि जिथे वैशाखात खरोखरच चटई टाकून पडता आले असते ती बाल्कनी हिशेबाबाहेर आहे. बाल्कनीलाच लागून ‘ड्राय बाल्कनी’ असते. तिला कोरडी म्हणतात, कारण धुण्याचे यंत्र, भांडी घासायची मोरी आणि गळका नळ तिच्यात असतात.

या सर्व मापांचा प्रत्यय यावा म्हणून ‘सॅम्पल फ्लॅट’ दाखवण्याची प्रथा आहे. नमुन्याच्या या सदनिकेत कोणी राहत नाही आणि कोणी राहू शकेल अशी तिची रचनाही नसते. तिला आतली दारे नसतात, कारण दार उघडले की ते पलंगाला लागते हे दार असल्याशिवाय कळत नाही. पलंग असा की त्यावर सहावीतला मुलगा तिरपा झोपेल. कपाट, गॅसची शेगडी, इस्त्रीचे कपडे, लोणच्याच्या बरण्या, जुन्या वह्यांचा गठ्ठा, गणपतीचे मखर आणि कधीतरी लागेल म्हणून ठेवलेले खोके यांचा तिथे मागमूस नसतो. त्यांच्या जागी काचेच्या भांड्यात तीन पांढरे दगड ठेवलेले असतात. तरीही तेथून बाहेर पडणाऱ्या दांपत्याच्या चेहऱ्यावर एक विलक्षण शांती दिसते, आणि ती खोटी नसते. आपण असे राहू, हा साधा भविष्यकाळ आहे, आणि तो त्या क्षणी मनापासून उच्चारलेला असतो.

साध्या भविष्यकाळाचे खरे भांडार विक्री कचेरीत असते. तेथे ग्राहकाला आणणारा दलाल ‘चॅनल पार्टनर’ या नावाने ओळखला जातो आणि व्यवहार पक्का करणारा कर्मचारी ‘क्लोजिंग मॅनेजर’ म्हणवतो, हे पदनाम ऐकून ज्येष्ठ नागरिकांना आतून दार लागल्यासारखे वाटते. त्याची भाषा ठरलेली असते. ‘सर, इथून एअरपोर्ट दहा मिनिटं.’ ‘मॅडम, समोर इंटरनॅशनल स्कूल येतंय.’ ‘पाण्याचा काही इश्यू नाही काका, कॉर्पोरेशनची लाईन सँक्शन आहे.’ ‘पाडव्यानंतर रेट रिव्हाइज होणार आहे, मी तुम्हाला आज होल्ड करून देतो.’ यातील ‘दहा मिनिटे’ हे कालाचे नव्हे, अंतराचे एकक आहे. ते रविवारी पहाटे साडेपाच वाजता, नगर रस्त्यावर एकही डंपर नसताना, मोटारसायकलवर मोजलेले असते. ‘येतंय’ हे क्रियापद दिसायला वर्तमानाचे असले तरी त्याचा अर्थ भविष्याचा आहे, आणि ते किती ताणते याचे प्रमाण पुण्याच्या नियोजनाच्या इतिहासात मुबलक मिळते : शहराभोवती फिरणारा उच्च क्षमतेचा वर्तुळाकार मार्ग 1987 च्या विकास आराखड्यात दाखवला होता, आणि तो पाहून घर घेतलेल्यांची नातवंडे आता स्वतःसाठी घर शोधत असताना तो अजून आराखड्यातच आहे. पुरंदरच्या विमानतळाची घोषणा 2016 मध्ये झाली, आणि त्या दिशेच्या गावांतील जमिनींनी विमानांची वाट न पाहता उड्डाण केले.

पैशाचा भाग रुक्ष असला तरी त्यात एक रम्य विसंगती आहे. अशा घराची किंमत पुष्कळदा 44 लाख 99 हजार असते, आणि ती तशी असण्यामागे चपलांच्या दुकानातील मानसशास्त्र नसून वस्तू व सेवा कर आहे : बांधकाम चालू असलेले घर 45 लाखांच्या आत असेल आणि त्याचे चटईक्षेत्र महानगरात 60 व अन्यत्र 90 चौरस मीटरपर्यंत असेल, तर ते परवडणारे मानून त्यावर 5 ऐवजी 1 टक्का कर लागतो. या नियमातील महानगरांच्या यादीत मुंबई, दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता ही नावे आहेत, पुणे नाही. पुणेकराचा अभिमान यामुळे दुखावतो न दुखावतो तोच त्यास मुद्रांक शुल्काचे चलन मिळते, आणि त्यातल्या 7 टक्क्यांपैकी 1 टक्का हा मेट्रोसाठीचा अधिभार असतो, जो एप्रिल 2022 पासून लागू आहे. सारांश, एकाच घरासाठी पुणे एका कागदावर ‘नॉन-मेट्रो’ असते आणि दुसऱ्यावर ‘मेट्रो’, आणि दोन्ही कागदांवर सही एकाच माणसाची असते. प्रत्यक्ष मेट्रो मार्च 2024 मध्ये रामवाडीपर्यंत पोहोचली. तेथून वाघोलीच्या पुढे विठ्ठलवाडीपर्यंत नेण्याच्या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये मंजुरी दिली, आणि मंजुरीच्या संध्याकाळी वाघोलीत पेढे वाटले गेले नसले तरी जुन्या जाहिरातींतले ‘प्रस्तावित’ पुसून ‘मंजूर’ लिहिण्याचे काम तातडीने सुरू झाले असावे. कर, शुल्क आणि 30 हजारांवर रोखलेली नोंदणी फी मिळून किमतीवर 3 लाख 90 हजारांच्या आसपास चढतात. खरेदीदार केवळ महिला असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, आणि दारावरच्या पाटीवर एकट्या पत्नीचे नाव लावण्याचा विचार अनेक घरांत प्रथमच याच टक्क्यामुळे झाला.

नोंदणीसाठी जावे लागते ती कचेरी सह दुय्यम निबंधकाची, आणि वाघोली हवेली तालुक्यात मोडत असल्याने तिच्या फलकावर ठळक अक्षरांत ‘हवेली’ असे लिहिलेले असते. 465 चौरस फुटांचा धनी तेथे अंगठा टेकवतो, कॅमेऱ्यात पाहतो, दोन साक्षीदारांना चहा पाजतो आणि सूची क्रमांक 2 या नावाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाहेर पडतो. हवेलीशी त्याचा एवढाच संबंध येतो.

यापुढे पूर्ण भविष्यकाळ सुरू होतो, आणि त्यावर बँकेचे प्रभुत्व असते. ‘2045 साली आपण कर्ज फेडलेले असेल’ हे या काळाचे आदर्श वाक्य होय. 36 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 31,240 रुपये येतो, आणि 240 हप्त्यांत 36 लाखांचे 75 लाख होतात. पण ही बेरीज सर्वांना ठाऊक असते व ती मुद्दाम कोणी करत नाही. अधिक उद्बोधक आहे तो पहिला हप्ता. त्यातले 25,500 रुपये व्याजाचे असतात आणि साधारण 5,740 रुपये मुद्दलाचे. चटईक्षेत्राचा दर चौरस फुटाला 9,675 रुपये धरला, तर पहिल्या महिन्यात अर्ध्या फुटाहून किंचित अधिक जागा मोकळी होते, म्हणजे एक पाऊल टेकेल एवढी. वामनाला तीन पावलांत त्रैलोक्य मिळाले ते त्याने हप्ते केले नाहीत म्हणून. भविष्य निर्वाह निधी, पत्नीच्या पाटल्या आणि वडिलांनी न बोलता काढून दिलेली मुदतठेव यांतून जे नऊ लाख आधी भरले, त्यातून 93 फूट सुटलेले असतात. तेव्हा स्वयंपाकघर आणि संडास हे पहिल्या दिवसापासून स्वतःचे आणि बाकीचे घर बँकेचे, असे समजण्यास हरकत नाही. निम्मे मुद्दल फिटायला 13 वर्षे 10 महिने लागतात. तोवर सहावीतला तो मुलगा पदवीधर होऊन नोकरीला लागलेला असतो, आणि पलंगाचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहिलेला असतो.

अपूर्ण भविष्यकाळ हा ताब्याचा काळ आहे. पूर्वी ताबा ‘दिवाळीला’ मिळत असे आणि कोणत्या, हे विचारणे असभ्यपणाचे समजले जाई. 1 मे 2017 पासून महाराष्ट्रात महारेराचे काम सुरू झाल्यावर करारनाम्यात तारीख घालावी लागते आणि ती चुकल्यास ग्राहकाला व्याज मागता येते; याचा एक परिणाम असा की, तीन वर्षांत उठणाऱ्या इमारतीला पाच वर्षांनंतरची तारीख देण्याची दूरदृष्टी या व्यवसायात आली. मधल्या काळात ग्राहक जुन्या घराचे भाडे आणि नव्या घराच्या वितरित कर्जावरचे व्याज, ज्यास ‘प्री-ईएमआय’ म्हणतात, असे दोन्ही भरतो, आणि दर रविवारी सहकुटुंब बांधकामावर जाऊन सातव्या मजल्याच्या पोकळीकडे बोट दाखवतो. ‘पुढच्या पाडव्याला आपण तिथे राहत असू’ हे वाक्य तेथे जन्मते. मुलांना खडीच्या ढिगावर खेळायला मिळते. अखेर इमारत उभी राहते, रंगही लागतो, आणि मग कळते की ‘भोगवटा प्रमाणपत्र’ यायचे आहे. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे असून तिच्यात राहायला परवानगी आहे, असे महापालिकेने लिहून देणे म्हणजे हे प्रमाणपत्र. भोगवटा हा शब्द उपभोगाशी नाते सांगणारा असला, तरी रहिवाशांचा कल त्याची फोड ‘भोग’ आणि ‘वाटा’ अशी करण्याकडे असतो.

ताबा मिळतो, वास्तुशांत होते, जेवायला आलेले नातेवाईक पत्ता विचारत विचारत दुपारी तीनपर्यंत पोहोचतात, आणि चौथ्या प्रकाराचा, म्हणजे रीती भविष्यकाळाचा, उदय होतो. नित्य घडत जाणारी क्रिया सांगणारा हा काळ आहे : पाणी येत जाईल, रस्ता होत जाईल, बस वाढत जातील. बांधकामाला परवानगी देताना, नळाचे पाणी मिळेपर्यंत पाणी पुरवण्याची जबाबदारी विकसकाची, असे हमीपत्र घेण्याची पद्धत आहे, आणि त्यातील ‘मिळेपर्यंत’ या शब्दाइतका अथांग शब्द मराठी दस्तऐवजांत दुसरा नसेल. सोसायटी स्थापन झाली की ती जबाबदारी अलगद तिच्या खांद्यावर येते, आणि दहा हजार लिटरचा टँकर हे त्या समाजाचे ग्रामदैवत बनते. त्याच्या येण्याची वेळ सर्वांना पाठ असते. उशीर झाल्यास बाल्कन्यांतून फाट्याकडे माना वळतात. त्याच्या चालकाला खजिनदार स्वतः फोन करतो आणि ‘दादा’ म्हणतो. जलतरण तलाव, ज्याच्या चित्रावर भाळून निम्म्यांनी नोंदणी केली होती, तो पहिल्याच उन्हाळ्यात रिकामा ठेवण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत एकमताने होतो, आणि मुले त्यात क्रिकेट खेळतात. उत्तम खेळपट्टी आहे, असे जाणकारांचे मत आहे.

हे सर्व असूनही विक्रीला निघालेल्या घरांची संख्या तेथे फार नसते, ही गोष्ट टीकाकारांनी विचारात घेतली पाहिजे. पाच वर्षे राहिलेला माणूस त्या भागाविषयी तक्रार करतो, पण ती घरच्या माणसाविषयी करतात तशी. बाहेरच्याने केलेली त्यास खपत नाही. कोपऱ्यावर वडापावची गाडी लागते, मग इस्त्रीवाला येतो, मग दवाखाना, आणि ज्या दिवशी दूधवाला न सांगता उधारीवर दही देतो त्या दिवशी, महापालिका काहीही म्हणो, विकास पूर्ण झालेला असतो. दरम्यान समोरच्या मोकळ्या रानात पत्र्याचे कुंपण पडते आणि खणकाम सुरू होते. ‘आमचा व्ह्यू जातोय’ म्हणून सोसायटी निवेदन देते. ज्या इमारतीमुळे मागच्या इमारतीचा व्ह्यू गेला होता तिच्याच पत्रशीर्षावर हे निवेदन लिहिलेले असते, आणि मागच्या इमारतीतले लोक त्यावर सही द्यायला नकार देतात.

पुढे कधीतरी पत्नीच्या मावसभावाचे लग्न ठरते आणि तोही घर पाहू लागतो. त्याचा अंदाजखर्च पस्तीस लाखांचा असतो, खराडीचा प्रश्नच नसतो, वाघोलीही आता त्याच्या हाताबाहेर गेलेली असते, म्हणून तो रस्त्याने आणखी पुढे लोणीकंदकडे पाहून आलेला असतो व परतताना चहाला या घरी थांबतो. घरधनी त्याच्याकडे अनुभवी माणसाच्या कनवाळूपणाने पाहतो, बशीत चहा ओततो आणि म्हणतो, ‘लोणीकंद? अरे, एवढ्या लांब कोण जाणार?’ मावसभाऊ काही न बोलता माहितीपत्रक उलगडून टीपॉयवर ठेवतो. त्यावर, सूर्योदयाच्या चित्राखाली, सोनेरी अक्षरांत छापलेले असते : ‘अपर वाघोली’, आणि खाली लहान टाइपात, ‘वाघोलीपासून फक्त दहा मिनिटे’.